स्टीलहेड फॉल्स (ऑरेगन): वाळवंटी मुलखातल्या नदीकाठची छोटी चाल, सासू-सासरे सोबत. कोणी गेलंय का?

मृणाल_त्रिमूर्तीनगर

नमस्कार मंडळी. जुलैच्या मध्यात आम्ही धाकट्या दिराकडे अमेरिकेत जाणार आहोत. तो पोर्टलंडजवळ बीव्हर्टनला असतो. सोबत सासू-सासरे आणि माझी नऊ वर्षांची लेक. दिराने ऑरेगनच्या मधल्या भागात दोन रात्री मुक्काम ठरवलाय, आणि त्यात डेशूट्स नदीवरच्या स्टीलहेड फॉल्सची छोटी चाल आहे. एका बाजूने पाऊण-एक किलोमीटर, असं तो म्हणतो.

फोटो पाहिले, सोबत टाकलेत. पिवळं गवत, काळे कडे, खुरटी झाडं आणि त्यांच्यामधून नदी. बाबा (सासरे) फोटो पाहून म्हणाले, "हा तर आपला मे महिना आहे. तो पाहायला इतक्या दूर कशाला?" मला मात्र तिथे जायचंच आहे. विचारायचं एवढंच: बाबांना (वय ७१, रोज फुटाळा तलावाला फेरी मारतात) ही वाट झेपेल का? आईंचे गुडघे दुखतात, त्यांचं काय करायचं? जुलैत तिथे पाणी असतं का? आणि मुलीला पाण्यात उतरवता येईल का?

रवी_काँग्रेसनगर

मृणालताई, मी पोर्टलंडला राहून आलोय. धबधबाच पाहायचा तर मल्टनोमा पाहा. १८९ मीटर उंच, पोर्टलंडपासून अर्ध्या तासावर, गाडीतून उतरलं की समोर. स्टीलहेड जेमतेम सहा मीटरचा आहे आणि तिथे जायला कॅस्केडचे डोंगर ओलांडावे लागतात. म्हातारी माणसं सोबत आहेत, उन्हात कशाला न्यायची? माझं मत प्रामाणिकपणे सांगतोय.

काळा_पाषाण

मृणालताई, मी नोकरीनिमित्त त्याच भागातल्या बेंड शहरात राहत होतो, आता मनीषनगरात असतो. भूशास्त्र शिकलो आणि शिकवलंही, त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार आहे.

रवीभाऊंचे आकडे बरोबर आहेत, सल्ला मात्र मला पटला नाही. मल्टनोमा जरूर पाहा, तो वाटेवरच म्हणा. पण तिथे उभं राहिल्यावर पाणी कुठून आलं असा प्रश्न पडत नाही. आजूबाजूला शेवाळ, नेचे, दाट झाडी, आभाळ ओथंबलेलं. स्टीलहेडला पोचल्यावर पहिला प्रश्न हाच पडतो. धबधब्याच्या जवळचं मोठं गाव रेडमंड, तिथे वर्षभरात सरासरी २२० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या नागपुरात सुमारे ११०० मिलिमीटर पडतो. म्हणजे आपल्या पाचव्या हिश्शाच्या पावसात बारमाही नदी वाहते, आणि आपली नाग नदी काय किंवा विदर्भातले बहुतेक नाले काय, संक्रांतीनंतर पाहवत नाहीत. हे कोडं त्या सहा मीटरच्या धबधब्यासमोर उभं राहून सोडवायचं असतं. मला तरी त्याच्यासाठी तिथे जावंसं वाटायचं.

सुरुवात प्रवासापासूनच होते, म्हणून गाडीत झोपू नका. पोर्टलंडहून निघालात की रस्ता माउंट हूडच्या अंगाखांद्यावरून जातो. तिथपर्यंत उंच सूचिपर्णी झाडांची गर्दी. डोंगर ओलांडून वॉर्म स्प्रिंग्सकडे उतरायला लागलं की झाडं विरळ होतात, मग फक्त जुनिपर आणि सेजब्रश नावाची राखाडी-हिरवी झुडपं उरतात. समुद्रावरून येणारे ढग कॅस्केडच्या पश्चिमेलाच रिते होतात आणि पूर्वेला पर्जन्यछाया. महाबळेश्वराहून फलटण-माणकडे उतरताना हेच दिसतं, पण तिथे तो बदल इतका झटकन होतो की मुलीलासुद्धा न सांगता कळेल.

आता पाण्याचं. कॅस्केडच्या शिखरांवर हिवाळाभर बर्फ साचतं. ते वितळलं की आपल्या नाल्यासारखं लोंढ्याने खाली येत नाही, कारण तिथला ज्वालामुखीचा खडक वयाने लहान आहे. भेगा, पोकळ्या, सच्छिद्र थर, सगळं अजून मोकळं. पाणी आत मुरतं, जमिनीखालून हळूहळू सरकतं आणि खाली दऱ्यांमधून झरे होऊन बाहेर पडतं. या प्रवासाला वर्षं लागतात. तो सगळा डोंगर म्हणजे सावकाश पाझरणारा माठ आहे. म्हणून डेशूट्सला मूळच्या स्थितीत पूरही फारसे नव्हते आणि ती आटतही नव्हती. इतकी एकसारखी वाहणारी नदी विरळा.

आपलाही खडक लाव्हाचाच. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती बेसाल्टची. नागपूर दख्खनच्या लाव्हाच्या पूर्व काठावर बसलंय, कामठीकडे गेलात की खडक बदलतो. पण आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. त्यातल्या भेगा आणि पोकळ्या कधीच्याच माती आणि खनिजांनी बुजल्या आहेत. त्यात पाणी मुरतं, पण बेताचं, आणि साठतं त्याहून बेताचं. स्टीलहेडच्या दरीतले थर साधारण ७५ ते ४० लाख वर्षांपूर्वीचे, आणि वरच्या डोंगरातले खडक त्याहूनही खूप ताजे. दोन्हीकडे काळा कातळच, फरक फक्त वयाचा, आणि त्या फरकामुळे एकीकडे मे महिन्यात टँकर आणि दुसरीकडे बारमाही नदी. बाबांना हे जरूर सांगा. तिथे दिसतो तो आपला मे महिना नाही.

मृणाल_त्रिमूर्तीनगर

काळा पाषाण सर, बाबांना वाचून दाखवलं. चष्मा लावून स्वतः परत वाचायला बसलेत. वाटेबद्दल थोडं सांगाल का?

काळा_पाषाण

हो, ते राहिलंच. हायवे ९७ वर टेरेबॉन नावाचं छोटं गाव आहे. तिथून क्रुकेड रिव्हर रँच या वस्तीतून जायचं. वस्तीतल्या रस्त्यांना फाटे पुष्कळ, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. दरीत रेंज मिळेलच असं नाही. शेवटचा तुकडा खडीचा आहे, साधी गाडी जाते, सावकाश चालवायची. गाड्या लावायची जागा छोटी आहे, शनिवार-रविवारी भरून जाते. सकाळी आठच्या आत पोचलात तर जागाही मिळेल आणि ऊनही कोवळं असेल.

वाट दरीत उतरते. चढ-उतार बेताचा, पण पायाखाली सुटी माती आणि गोटे. जाताना उतार आहे म्हणजे येताना चढ, तोही ऊन वर आल्यावर. बाबांना झेपेल, फुटाळ्याच्या फेरीने पाय तयार आहेत. फक्त चपला-सँडल नको, तळाला पकड असलेले बूट हवेत आणि हातात काठी असली तर उत्तम. आईंसाठी मात्र मी ही वाट सुचवणार नाही. गुडघेदुखीला सुटे गोटे फार वाईट. त्यांच्यासाठी वेगळं सांगतो, खाली.

ऊन आपल्याला नवं नाही, तरी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हवा कोरडी आणि वारा सुटलेला, त्यामुळे घाम जागेवरच वाळतो आणि पाणी कमी पडतंय हे कळत नाही. दुसरं, दुपारी ३२-३५ अंश असलं तरी रात्र एकदम गार होते. आपल्याकडे मे महिन्यात रात्री एक वाजतासुद्धा भिंती तापलेल्या असतात, तसं नाही. सकाळी स्वेटर लागेल, दहा वाजता काढाल. पाणी घरूनच न्या, माणशी दीड-दोन लिटर, वाटेत भरायची सोय नाही. सावली जुनिपरची, म्हणजे तुटपुंजी. नदीकाठी थोडी बरी.

साप आहेत. रॅटलस्नेक, आपल्या घोणशीच्याच कुळातला विषारी साप. शेपटी वाजवून बजावतो, पण दर वेळी वाजवेलच असं नाही. शेतात वावरलेल्याला जे नियम माहीत असतात तेच इथे: न बघता दगडाखाली हात घालायचा नाही, गवतात पाय टाकायचा नाही, दिसला तर लांबून जाऊ द्यायचा. मुलीला वाटेच्या मधून चालायला लावा.

आईंसाठी: हायवे ९७ ला लागूनच पीटर स्कीन ऑग्डेन व्ह्यूपॉइंट आहे. गाडीतून उतरून थोडी पावलं चाललं की क्रुकेड नदीची घळ पायाखाली उघडते, जवळपास शंभर मीटर खोल, भिंती ताठ उभ्या. तिच्यावरून १९११ साली बांधलेला रेल्वेचा पूल जातो, आजही उभा आहे. बसायला बाकं आहेत. एकदा लाव्हाने ती सगळी दरी भरून टाकली होती आणि नदीने पुन्हा कोरून काढली. कठड्यापाशी मुलीचा हात धरा.

नंदा_मेळघाट

आम्ही लेकीकडे गेलो तेव्हा स्टीलहेडला गेलो होतो, म्हणून लिहिते. वाट उतरताना नदीचा आवाज आधी येतो, नदी नंतर दिसते. आजूबाजूला इतकं कोरडं असताना खालून पाण्याचा आवाज यावा, हे मी कधी अनुभवलं नव्हतं. चिखलदऱ्याला पावसाळ्यात धबधबे पाहतो तेव्हा धुकं, पाऊस, चिखल, सगळंच ओलं असतं, त्यात धबधबा मिसळून गेलेला असतो. इथे तो एकटा आहे. नदी कातळाच्या पायरीवरून आडवी पसरून कोसळते, खाली फेस, पुढे हिरवा डोह. काठावर गवताची हिरवी पट्टी, ती जेमतेम दोन-तीन पावलं रुंद, आणि तिच्या पलीकडे लगेच धूळ.

वर एक मासेमार गरुड (ऑस्प्रे) घिरट्या घालत होता. त्याने आमच्यासमोर सूर मारून मासा उचलला आणि जुनिपरच्या वाळक्या फांदीवर जाऊन बसला. दुर्बीण असेल तर नक्की न्या. मी पेंचमध्ये इतकी वर्षं पक्षी पाहतेय, पण मोकळ्या दरीत नजर अडवणारं काही नसताना पाहण्यातलं सुख निराळंच. सोनगरुडही त्या कड्यांवर असतात, आम्हाला दिसला नाही.

धनराज_लाखनी

सर, झऱ्याचं समजलं. पण ताईनं फोटो टाकले त्यात जुलैचा धबधबा बारीक दिसून राहिला अन् एका फोटोत बर्फ आहे काठावर, त्यात पाणी भरपूर. झरे जर बारमाही एकसारखे, तर उन्हाळ्यात पाणी जाते कुठं? आमच्याकडं गोसीखुर्द धरणाचं नहर (कालवा) आहे, त्याच्यामुळं विचारतो. मले तर इथं नहराचा वास येऊन राहिला.

काळा_पाषाण

धनराजभाऊ, अगदी नेमकं धरलंत.

बेंड शहरापाशी नदीतून कालवे निघतात. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर हा सिंचनाचा हंगाम. त्या काळात नदीचं बहुतांश पाणी कालव्यांत जातं आणि बेंडच्या खाली पात्रात थोडकंच उरतं. मग दरीत ठिकठिकाणी झरे आणि व्हायचस क्रीकसारखे ओढे पुन्हा भर घालतात, त्यातली बरीचशी भर स्टीलहेडच्याही खाली पडते. म्हणून हा धबधबा आपल्या उलट वागतो. आपला सहस्रकुंड पाहायला जुलै-ऑगस्टमध्ये जायचं. स्टीलहेड सगळ्यात भरलेला असतो तो कालवे बंद झाल्यावर, हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला. मृणालताई, जुलैत पाणी असेल, छान असेल, पण नदीच्या अंगात होतं तेवढं नसेल. ते कुठे गेलं हे पाहायचं असेल तर मॅड्रस गावाच्या आसपासची शेतं पाहा. परतीच्या वाटेवरच आहेत. गाजराच्या संकरित बियाण्याचं तिथे मोठं पीक, अमेरिकेला लागणाऱ्या अशा बियाण्याचा मोठा हिस्सा तिथून जातो.

आणि पाण्याचा हक्क तिथे 'जो आधी आला त्याचा आधी' या नियमाने चालतो. बेंडजवळच्या जुन्या हक्कदारांचा नंबर पहिला, मॅड्रसच्या शेतकऱ्यांचे हक्क नंतरचे. २०२१ च्या दुष्काळात त्यांच्या वाट्याला फार कमी पाणी आलं आणि पुष्कळ जमीन पडीक राहिली. खरी शेती करणारा मागे आणि हौसेखातर चार घोड्यांसाठी कुरण भिजवणारा कधीकधी पुढे. मला हा नियम आजच्या काळात अन्यायाचा वाटतो.

धनराज_लाखनी

म्हणजे टेलचा (नहराच्या शेवटाचा) शेतकरी तिथंही टेललाच. इथं पाळी सुटली की वरचे लोक आधी घेतात अन् खाली येईस्तोवर नहर कोरडं. तिथं कागदावर लिहून तसं आहे, इथं कागदावर नाही, येवढाच फरक. मी धबधबा पाहायला काही जाणार नाही, पण ताई, तुम्ही मॅड्रसला गाडी थांबवा अन् त्या लोकायचं ठिबक हाय का तुषार हाय, फोटो टाका.

बाबा_त्रिमूर्तीनगर

नमस्कार. मी मृणालचा सासरा. तिच्याकडून हा धागा समजला आणि मुद्दाम खातं काढलं. मी पाटबंधारे खात्यात उपअभियंता होतो, वैनगंगा आणि पेंच या दोन्ही खोऱ्यांत काम केलंय. मला काळा पाषाण साहेबांना विचारायचं आहे की, जो खडक इतकं पाणी मुरवतो, त्याच खडकात कालवे खणले तर गळती किती? आपल्याकडे काळ्या मातीत कालवा फुगतो-आक्रसतो, अस्तर उखडतं. तिथे तर तळच गळका म्हणायचा.

काळा_पाषाण

साहेब, नमस्कार. हाच तिथला कळीचा प्रश्न आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खणलेले ते उघडे कालवे लाव्हाच्या भेगांवरून जातात आणि उचललेल्या पाण्याचा मोठा वाटा वाटेतच जिरतो. अलीकडे मैलोन् मैल कालवे काढून बंद नळ टाकायचं काम सुरू आहे. वाचलेलं पाणी काही शेतकऱ्याला, काही नदीला. याच्यामागे एक बेडूकही आहे. ऑरेगन स्पॉटेड फ्रॉग, २०१४ मध्ये केंद्र सरकारच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला. वरच्या भागात विकिअप नावाचं धरण आहे. हिवाळ्यात ते भरण्यासाठी पाणी अडवलं की खालचं पात्र उघडं पडायचं आणि उन्हाळ्यात सोडलं की दुथडी. एकसारख्या वाहणाऱ्या नदीत वाढलेल्या बेडकाला हे झेपेना. कोर्टकज्जे झाले आणि २०२० च्या अखेरीस धरणातून हिवाळ्यात टप्प्याटप्प्याने जास्त पाणी सोडण्याचा आराखडा मंजूर झाला. तेच पाणी शेतकऱ्याच्या वाट्यातून कमी होतं, म्हणून नळांची घाई.

नळांना विरोधही आहे. कालव्याकाठी घरं असलेल्यांना वाहतं पाणी आणि त्यावर वाढलेली झाडं जाऊ नयेत असं वाटतं. त्यांचं दुःख मला समजतं, पण नदीतलं पाणी माझ्या लेखी आधी.

बाबा_त्रिमूर्तीनगर

फार उपयुक्त माहिती. पेंचमध्ये वरच्या अंगाला चौराई धरण झाल्यावर तोतलाडोह धरणात येणारं पाणी घटलं, आणि २०१९ च्या जुलैत नागपुरात दिवसाआड नळ आले ते सगळ्यांच्या लक्षात असेल. आम्ही लोक आयुष्यभर 'पाणी समुद्राला वाया जातं' असं म्हणत आलो. पात्रात ठेवायचं पाणी हा हिशेबातला एक रकाना असू शकतो, हे आमच्या काळात कोणी मांडलं असतं तर बैठकीत ऐकूनही घेतलं नसतं. ते तिथे कसं मोजतात, हे मला प्रत्यक्ष पाहायचं आहे. मृणाल, आपण जायचं. मल्टनोमा राहिला तरी चालेल.

शुभांगी_मत्स्य

मी मत्स्यशास्त्राची विद्यार्थिनी. धबधब्याचं नाव ज्या माशावरून पडलं त्याबद्दल लिहायलाच हवं. स्टीलहेड म्हणजे समुद्राला जाऊन येणारा रेनबो ट्राउट. गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परत येतो. पॅसिफिक सॅमन एकदा अंडी घालून मरतात, स्टीलहेडमधले काही पुन्हा समुद्रात जाऊन पुन्हा येतात. या धबधब्याच्या वरच्या अंगाला बिग फॉल्स आहे. समुद्रातून येणाऱ्या माशांची चढाई नैसर्गिकरीत्या तिथे संपायची. म्हणजे स्टीलहेड फॉल्सची ही पायरी ते चढून जात.

पण खाली राउंड ब्यूट धरण झालं, १९६४ साली. सुरुवातीला मासे पार करायची सोय केली होती, ती चालली नाही. समुद्राकडे निघालेली पिल्लं तीन नद्यांच्या संगमावर झालेल्या जलाशयात वाट चुकायची. गरम आणि गार पाण्याचे थर आणि प्रवाह असे फिरायचे की त्यांना धरणाकडे ओढ लागेना. काही वर्षांत तो प्रयत्न सोडून दिला गेला. मग २००७ पासून वरच्या ओढ्यांत पिल्लं पुन्हा सोडायला सुरुवात झाली आणि २००९ च्या अखेरीस जलाशयात एक मनोरा उभा राहिला. वरच्या आणि खालच्या थरातलं पाणी हवं तसं मिसळून तो प्रवाहाला दिशा देतो आणि पिल्लं एका ठिकाणी गोळा करतो. धरणाची मालकी वीज कंपनी आणि वॉर्म स्प्रिंग्सच्या आदिवासी जमाती यांची मिळून आहे. या जमातींचा इथल्या मासेमारीवरचा हक्क १८५५ च्या तहात नोंदलेला आहे, त्यामुळे मासे परत आणणं हा त्यांच्यासाठी शब्द पाळायला लावण्याचा भाग आहे. परतणाऱ्या माशांची संख्या अजून थोडीच आहे, पण येतात.

धबधब्याच्या कडेला कातळात जुन्या मासे-शिडीचे अवशेष दिसतात. तुमच्या मुलीला ते दाखवा. मासा जिना चढतो हे नऊ वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं आहे.

निखिल_पोहणारा

व्हिडिओ पाहिले. पोरं त्या कड्यावरून डोहात उड्या मारतात. मी लहानपणापासून विहिरीत सूर मारत आलोय, पुढच्या वर्षी मीही जातोय. डोह किती खोल आहे?

काळा_पाषाण

निखिल, खोली सांगणार नाही, कारण पाण्याची पातळी कालव्यांप्रमाणे बदलते आणि तळाचे दगड वरून दिसत नाहीत. तिथे उड्या मारताना लोक जायबंदी झाले आहेत, माणसं बुडालीही आहेत. धबधब्याखाली पाणी फेसाळतं, त्यात हवा मिसळलेली असते, अंग तरंगत नाही आणि प्रवाह खाली ओढून फिरवतो. विहिरीत पोहून हे शिकता येत नाही. वाचवायला जीवरक्षक नाहीत, रेंज नाही, आणि जखमी माणसाला त्या वाटेने उचलून वर न्यायचं म्हणजे तास जातात.

नागपूरच्या माणसाला एक गोष्ट सांगतो. ज्यांच्या नावाने आपलं हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते आणि उत्तम भूशास्त्रज्ञही. आपल्या टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळातले जीवाश्म त्यांनीच अभ्यासले. या मुलखाचा खडक त्यांच्याइतका त्या काळी कोणी वाचला नव्हता. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पावसाने फुगलेल्या नाल्यात ते वाहून गेले. माहितीचा मुलूख, माहितीची वाट. तू चांगला पोहत असशील, तरीही कड्यावर चढू नकोस. आग्रहाने सांगतोय.

मृणालताई, मुलीलाही धबधब्याच्या वर किंवा लगेच खाली उतरवू नका. बरंच खाली काठ उथळ आणि संथ असेल तिथे, एका मोठ्या माणसाने हात धरून, पाय बुडवू द्या. आपल्या हिशेबाने पाणी गारच लागेल.

निखिल_पोहणारा

ठीक सर. तुम्ही इतकं सांगताय तर उडी नाही मारणार. पाहून येईन.

नंदा_मेळघाट

निखिल, बरं वाटलं वाचून. आम्ही गेलो तेव्हा काठावर एका मुलाच्या आठवणीत ठेवलेली सुकलेली फुलं होती. तिथे कोणी काही बोलत नव्हतं.

रवी_काँग्रेसनगर

एवढं सगळं वाचून मलाच आता पुढच्या वेळी जायचंय. मी डोंगराच्या पलीकडे कधी गेलोच नाही, पोर्टलंडच्या पावसातच सगळे शनिवार-रविवार गेले. एक विचारतो, तिथून जवळ आणखी काय? एवढं तीन तास गाडी चालवून फक्त एक छोटी वाट?

काळा_पाषाण

रवीभाऊ, स्मिथ रॉक टेरेबॉनपासून अगदी जवळ. ज्वालामुखीच्या राखेचे दगड झालेले उंच सुळके, खालून क्रुकेड नदी वळसा घालते. जगभरातून गिर्यारोहक येतात. नदीकाठची वाट सपाट आहे, पण तिथवर उतरायचं म्हणजे परतीचा चढ आलाच. वरून बघायलाही सुंदर जागा आहेत. आई तिथेही येऊ शकतात. पायात बळ असणाऱ्याने स्टीलहेडच्या खाली व्हायचस क्रीककडची अल्डर स्प्रिंग्जची वाट करावी, मात्र ती लांब आहे आणि हिवाळ्यात तिकडचा रस्ता हरणांसाठी बंद असतो.

स्टीलहेडचा परिसर संघीय सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याकडे आहे आणि नदीचा हा पट्टा १९८८ पासून कायद्याने राखलेला, म्हणजे तिथे नवं धरण बांधता येत नाही. पण माणसं येतात तितका कचराही येतो. पिशवी न्या आणि आपला परत आणा. जुलै-ऑगस्टमध्ये वणव्यांचा हंगाम असतो, कुठेही आग पेटवायची नाही, सिगारेटसुद्धा नाही. निघायच्या आदल्या रात्री धुराचा अंदाज पाहा. धूर दाट असेल तर बाबांना नेऊ नका, बेत एक दिवस पुढे ढकला.

धनराज_लाखनी

सर, १९८८ म्हणता. त्याच साली गोसीखुर्दचं भूमिपूजन झालं होतं, एप्रिलमध्ये. माझे वडील गेले होते पाहायला.

बाबा_त्रिमूर्तीनगर

धनराजजी, मीही होतो तिथे, मंडपाच्या मागच्या बाजूला. तुमचं शेत कोणत्या वितरिकेवर येतं? व्यक्तिगत संदेशात कळवा, बोलू.

काळा पाषाण साहेब, बेत असा ठरला आहे: पहिल्या दिवशी सकाळी निघून वॉर्म स्प्रिंग्स-मॅड्रसमार्गे, ऑग्डेन व्ह्यूपॉइंटला जेवण, मुक्काम रेडमंडला. दुसऱ्या दिवशी साडेसातला स्टीलहेड, धाकटा मुलगा, मृणाल, नात आणि मी. सौ. हॉटेलवरच थांबेल. दुपारी तिला घेऊन स्मिथ रॉक. कालव्यांचं मुख कुठे पाहता येईल?

काळा_पाषाण

साहेब, बेत उत्तम. फक्त स्मिथ रॉक दुपारी नको, पाचनंतर जा, कड्यांवर ऊन तिरपं येतं आणि वहिनींना गारवा मिळेल. कालव्याचं मुख बेंड शहरातच, उत्तरेच्या बाजूला नदीवर नॉर्थ कॅनाल डॅम नावाचा बुटका बांध आहे, तिथे. रेडमंडहून अर्धा तास. वर पाणी किती आणि खाली किती, हे तिथे बघा. जुलैत फरक मोजमापाशिवाय दिसतो. पायी जवळ कुठवर जाऊ देतात ते तिथल्या फलकावर वाचूनच ठरवा, आणि दुसऱ्या दिवशी जमलं नाही तर तिसऱ्या दिवशी परतताना आधी दक्षिणेला बेंड करून मग पोर्टलंडला निघा.

मृणाल_त्रिमूर्तीनगर

सगळ्यांचे आभार. बाबांनी वही काढलीय आणि आई विचारताहेत की ऑग्डेनला बाकावर सावली असते का.

नंदा_मेळघाट

झाडं आहेत थोडी, सावली बाकावर येईल की नाही ते वेळेवर अवलंबून. छत्री असू द्या. आणि वारा फार असतो तिथे, पदर पिनेने लावायला सांगा.